कापलेल्या ओळी

बाइंडरने पुस्तकाच्या कण्यावरून चाकू फिरवला आणि वाळलेल्या खळीचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवला. चर्चमधलं गीतांचं हे पुस्तक त्याच्या वडिलांनी हाताने लिहिलेलं होतं. वीस वर्षांपूर्वी त्यानेच ते बांधलं होतं. आता शिवण उसवली म्हणून चर्चच्या पाळकबाई ते पुन्हा घेऊन आल्या होत्या. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या, पण पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर अगदी घरच्यासारख्या बसून सुटी पानं चाळत होत्या.

"काका, ह्या पानांवरची शेवटची ओळ कुठे गेली?"

अशी सोळा पानं होती. कागद वाचवायचा म्हणून वडिलांनी अगदी कडेपर्यंत लिहिलेली. कटिंग मशीनवर पुस्तक चढवण्याआधी पानापानाचा समास बघायचा, हे कुठलाही बाइंडर पहिल्या आठवड्यात शिकतो. त्या दिवशी तेवढं बघायचं राहिलं आणि पातं खाली आलं.

"धाकट्याने कापली," बाइंडर म्हणाला. "माझा भाऊ. तेव्हा मशीन तोच चालवायचा."

हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता ते पाढ्यासारखं तोंडातून यायचं. ऐकणारा हळहळायचा आणि विषय तिथेच संपायचा. पाळकबाईंनी मात्र पानं जुळवून ठेवली आणि त्या उठल्या.

"मग बरंच झालं. वडील गाताना तुमच्या भावानेही ऐकलं असेल. दोघं मिळून आठवा, म्हणजे त्या ओळी पुन्हा लिहून घेता येतील. मी परवा जाते त्यांच्याकडे."

त्या गेल्या. बाइंडरने चाकू खाली ठेवला.

मशीन धाकटा चालवायचा, हे खोटं नव्हतं. पण त्या दिवशी तो चहा आणायला गेला होता आणि घाई थोरल्याला झाली होती. चर्चची मंडळी पानं बघून संतापली, तेव्हा थोरल्याच्या तोंडून भावाचं नाव निघून गेलं. धाकटा दारातच उभा होता, दोन्ही हातांत चहाचे ग्लास. त्याने ऐकलं, ग्लास टेबलावर ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. पुढे त्याने दोन गल्ल्या सोडून फोटोंच्या चौकटी करायचं दुकान टाकलं. दोघं भेटायचे, बोलायचे, पण सगळं हवापाण्याचं.

चर्चमध्ये प्रार्थना चालवण्यात बाइंडरचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमची छुपी पापं धुऊन टाक, असं तो दर रविवारी खणखणीत आवाजात म्हणायचा, आणि सगळ्यांच्या पापांच्या गर्दीत त्याचं एकट्याचं पाप आरामात बसून असायचं. आज त्याने डोळे मिटले तर सरावाचा एकही शब्द येईना.

"प्रभू, तू बघतच होतास," शेवटी तो हलकेच म्हणाला. "मीच ते तुझ्यापासून झाकायला आडवा उभा होतो. आता बघ. माझ्या आत जे आहे ते बघ, आणि काढून टाक."

त्याला भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेतच कितीतरी वर्षांनी मोकळंही वाटलं. त्याने दुकान बंद केलं आणि तो धाकट्याच्या दुकानाकडे चालायला लागला.

धाकटा दुकानात एक मोठी काच पुसत होता. मागेच त्याचं घर होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"दादा? तू इकडे?"

"ती पानं मी कापली होती," बाइंडर दारातूनच म्हणाला. बसलो तर धीर जाईल, हे त्याला ठाऊक होतं. "तुझ्यावर ढकललं. पाळकबाई परवा तुझ्याकडे येणार आहेत, त्या भीतीनेच मी हललो, हेही खरं. पण आलोय माफी मागायला. चुकलो रे."

धाकट्याने काच जपून भिंतीला टेकवली.

"बस," तो म्हणाला.

"तू तेव्हाच का नाही बोललास? एका शब्दात मला उघडं पाडलं असतंस."

धाकट्याने काचेवरचा एक डाग पुन्हा पुसला.

"खरं काय ते फक्त बायकोला माहीत आहे. तिला वाटतं, मी मुकाट्याने सोसलं. ती तर मला संतच समजते." तो थोडा हसला. "खरं सांगू? मला ते आवडत होतं. तू प्रार्थनेला उभा राहिलास की मी मनात म्हणायचो, बोल, बोल, मला सगळं माहीत आहे. मी तुझ्यापेक्षा बरा, एवढ्या एका गोष्टीवर मी वीस वर्षं काढली. आत्ता तू बोललास ना, तर मला आधी वाईटच वाटलं. म्हटलं, आता माझ्याकडे काय उरलं?"

बाइंडर स्टुलावर बसला. माफ केलं किंवा नाही केलं, ह्या दोन्हींची त्याने वाटेत तयारी केली होती. ह्याची नव्हती.

"रविवारी मी सगळ्यांसमोर सांगतो," तो म्हणाला.

"सांग. मी येणार नाही."

"का रे?"

"लोक माझ्याकडे कौतुकाने बघतील. आणि मला ते फार गोड लागेल."

बाइंडरला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्याने दोन्ही लपवलं नाही.

"मग माझं झालं की तूही बोल. मी तुझ्या शेजारी उभा राहतो."

धाकट्याने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग आतल्या दाराकडे वळून त्याने बायकोला हाक मारली.

"अगं, जरा बाहेर ये. दादा आलाय. आणि मला तुला काहीतरी सांगायचंय."