मंगळवारची पिशवी

शिंपीणबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला, तर रुमालाबरोबर केसही आले. कापडाचा नमुना ठेवावा तसे त्यांनी ते फार्मासिस्टच्या टेबलावर ठेवले.

"पिशवीत सगळं असतं म्हणालात ना? मग हे काय?"

आतडं कापल्यापासून बाई आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात येऊन, खुर्चीत बसून पिशवीभर अन्न शिरेतून घ्यायच्या. पिशवी फार्मासिस्ट स्वतः भरायची. आता बाईंचे ओठ फुटले होते, बोटं सोलली होती. सुई धरवत नव्हती, आणि सुईवरच घर चालत होतं.

फार्मासिस्टने बाईंच्या पिशव्यांच्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. साखर, प्रथिनं, चरबी, क्षार, सगळं जिथल्या तिथं. जस्त, तांबं, सेलेनियमची बोटाएवढी कुपी, जिच्यावाचून केस गळतात आणि कातडी सोलते, ती मात्र एकदाही नाही. कुप्यांचा तुटवडा होता म्हणून दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी नियम केला होता: कुपी फक्त सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. बाई यायच्या मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. नियम कोणीच मोडला नव्हता. प्रत्येक चिठ्ठीवर तिचीच सही होती, वळणदार.

ती साहेबांकडे गेली.

"आज मंगळवार आहे, पण त्यांना आज कुपी घालू द्या."

"आज एकीला घातली की परवा सगळे मागतील."

"मग बाईंनी काय करायचं? वाट बघत टकलं व्हायचं?"

"अहो, चिडता काय! त्यांना सोमवारच्या पाळीत घ्या."

"सोमवारी खुर्ची रिकामी नाही."

साहेबांनी पेन्सिल उचलली, तक्त्यावरची दोन नावं खोडून एकमेकांच्या जागी लिहिली आणि फुंकर मारली.

"सोमवारचे ते पेन्शनर काका येतील मंगळवारी. आधीच टकले आहेत, केसांची तक्रार तरी यायची नाही. कुप्या आल्या की बघू."

बाहेर शिंपीणबाई सोललेल्या बोटांनी रुमालाची गाठ मारत होत्या. गाठ बसत नव्हती. फार्मासिस्टने काकांना फोन लावला.

"काका, तुमचे वार बदललेत. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार."

"वा! सोमवारी नुसती जत्रा असते तिथं. माझ्यासाठी मुद्दाम केलंस होय गं?"

"हो काका," ती म्हणाली. "मंगळवारी खिडकीजवळची खुर्ची मिळते."