पडद्यापर्यंतचं अंतर

"झुक. आरशात दिसत नसेल तर झुकायचं. नुसती मान नाही, कमरेतून झुक."

अलोयझीमामांचा हा आवाज लुत्सियानच्या कानात चौतीस वर्षं मुक्कामाला होता. मामांनी त्याला ट्रक शिकवला तो गावाबाहेरच्या बीटच्या वखारीत, ढिगांच्या मधून मागे घेत घेत. तेव्हापासून ट्रेलरची शेपटी दिसेनाशी झाली, की त्याचं धड आपसूक पुढं जायचं आणि आरशात हातभर जास्त मुलूख उघडायचा.

मार्चमध्ये कंपनीनं त्याला नवी गाडी दिली. तिला आरसेच नव्हते. छपराला दोन्ही बाजूंना कानांसारखे कॅमेरे होते आणि आत समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना त्यांचं चित्र दाखवणारे उभे पडदे. पहिल्याच दिवशी लुत्सियान सवयीनं झुकला. चित्र जिथल्या तिथं. आणखी झुकला. आता पडद्याला नाक टेकायचंच बाकी होतं.

"काका, मुका घेताय की काय तिचा?" खालून इगा हसली. कोणती गाडी कुठं जाणार हे इगा ठरवायची. सव्वीस वर्षांची पोर, पण जिभेला धार.

हसली तर हसली. दुखणं वेगळंच होतं. लुत्सियानला पडदा धूसर दिसत होता. रस्त्यावरची लांबची पाटी तो कुणाच्याही आधी वाचायचा. चाळिशी चढवली की वर्तमानपत्रही वाचायचा. पडदा मात्र दोन्हींच्या मधे, ना लांब ना जवळ. चाळिशी लावून बघितलं तर पडदा धड सुधारेना, वर रस्ता मात्र वितळून जाई. परवान्याच्या तपासणीत डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगत. ती त्यानं घडाघडा वाचली होती.

इगानं सगळ्यांना आधीच बजावलं होतं, "नवी गाडी ज्याला झेपणार नाही त्यानं सांगावं. फेरी दुसऱ्याला देऊ." लुत्सियानची हँबुर्गची फेरी अकरा वर्षांची. ती गेली तर पेन्शनपर्यंतची तीन वर्षं खडीच्या गाडीवर. म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. फक्त चर्चसमोरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन होनोराताबाईंना सांगितलं.

"बाई, आरसाही साधारण तिथंच असायचा. मग तो कसा दिसायचा?"

होनोराताबाईंनी टेबलावरचा छोटा आरसा त्याच्यापुढं धरला. "यात मागचं चर्च बघा. घड्याळ दिसतंय?"

"किती वाजलेत ते सांगतो. पावणेपाच."

"आता आरशाच्या काचेवर माझ्या बोटाचा डाग आहे, तो बघा."

लुत्सियाननं डोळे बारीक केले. डाग काही केल्या नीट दिसेना.

"आरशात बघताना नजर पार चर्चपर्यंत जाते," बाई म्हणाल्या. "पडद्यावर तिला काचेवरच थांबावं लागतं. बासष्टाव्या वर्षी कुणाची नजर तिथं थांबत नाही हो. लाज कसली त्यात? वर साधी काच देते, खाली पडद्यापुरता नंबर. फक्त नाकापासून पडद्यापर्यंतचं अंतर मला आणून द्या."

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून तो एकटाच कंपनीच्या आवारात गेला. केबिनमध्ये बसून नाकापासून पडद्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, खिशात घातली. ती बाईंना दिली आणि दहा दिवसांत चष्मा आला.

पडदा थोडा निवळला. थोडाच. नवीन आहे, डोळ्यांना सवय होईल, असं म्हणून तो निघाला.

गुरुवारी हँबुर्गहून परतताना पोझनानजवळच्या गोदामात तो ट्रेलर माल उतरवायच्या फलाटाला लावत होता. डाव्या पडद्यात तळाशी पिवळं काहीतरी होतं. जमिनीवर रंगवलेला पट्टा असणार, असं धरून तो मागे येत राहिला. एकदम ट्रेलरच्या पत्र्यावर धडाधड थापा पडल्या आणि कुणीतरी किंचाळलं. त्यानं ब्रेक दाबला.

फलाटाच्या कडेचं, धक्का झेलणारं रबर बसवायला गुडघ्यावर बसलेला रोमुआल्ड उठून उभा राहत होता. ट्रेलरची शेपटी त्याच्यापासून वीतभरावर होती. पिवळं होतं ते त्याचं जाकीट.

"अरे आंधळ्या! मी काय रस्त्यावरचा पट्टा आहे?" अकरा वर्षं तो इथंच लुत्सियानचा माल उतरवून घेत होता. मग तो केबिनच्या पायरीवर चढला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांग. दिसलो होतो?"

लुत्सियाननं छातीवर क्रुसाची खूण केली. "पिवळं दिसलं. माणूस नाही दिसला. नव्या चष्म्यातूनही पडदा धूसरच दिसतो."

रोमुआल्डनं जाकिटावरची धूळ झटकली.

"मी वर काही कळवत नाही," तो म्हणाला. "तूच सांगायचं तुमच्या त्या पोरीला. चष्मा नीट होईपर्यंत या गाडीला हात लावायचा नाही. शब्द दे."

"दिला. ही घरी नेऊन लावतो, मग नाही."

"हळू गाड्यांची उजवी लेन सोडू नकोस. म्हातारीसारखा जा."

शुक्रवारी तो होनोराताबाईंसमोर चष्मा आपटायच्या बेतानंच गेला. बाईंनी शांतपणे सुतळी त्याच्या हातात दिली. "कशी मोजलीत, करून दाखवा."

एक टोक नाकाला लावून त्यानं दुसरं कपाटाच्या कडेला टेकवलं. टोक टेकवायला अर्थात पुढं व्हावं लागलं.

"झुकलात की हो."

"हात कसा पोचणार नाहीतर?"

"आणि गाडी चालू होती?"

"रविवारी कशाला चालू असेल? बंद." मग तो थांबला. "सीट हवेवरची आहे. बंद गाडीत ती खाली बसते."

बाई हसल्या नाहीत, हे त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी मासे खाऊन झाल्यावर बायकोला घेऊन तो आवारात गेला. बोगुस्वावा शिवणकाम करायची, तिच्याकडं मापाची फीत होती. इंजिन चालू, सीट वर आलेली, पाठ टेकलेली. सुतळी चोपन्न सेंटिमीटर भरली होती. फितीवर त्र्याऐंशी आले.

"एकोणतीस सेंटिमीटर!" बोगुस्वावा म्हणाली. "कुणाच्या कोटात मी एवढी चूक केली असती, तर गिऱ्हाइकानं गावभर माझी वरात काढली असती."

नव्या काचांना आठ दिवस लागणार होते. हँबुर्गचा माल सोमवारी निघणार होता.

रविवारी रात्री भांडी पुसता पुसता बोगुस्वावा म्हणाली, "आठ दिवस दाढ दुखतेय म्हण. फेरी परत तुझीच. इगाला काय कळतंय?"

"मी शब्द दिलाय."

"तुझा रोमुआल्ड तिकडं पोझनानला. तो काय बघायला येतोय?"

लुत्सियाननं पुसलेल्या बशा फळीवर रचल्या. तिनं पुढं ताणलं नाही. फक्त दिवा घालवताना म्हणाली, "खडीच्या गाडीत धूळ फार असते म्हणे."

सोमवारी इगा आठला यायची. साडेसातला लुत्सियाननं दाढी केली, चहा घेतला, राय धान्याच्या भाकरीचा एक तुकडा खाल्ला. गाडीच्या किल्ल्या आणि नव्या काचांना आठ दिवस लागतील असा होनोराताबाईंनी लिहून दिलेला कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. दाराशी बोगुस्वावानं त्याची कॉलर सरळ केली. दाढेचं नाव काढलं नाही. आवार दोन किलोमीटरवर होतं. सायकल बाहेर काढून तो थोडा वेळ ती हातानं ढकलतच चालला, मग तिच्यावर बसला.