फुलात फवारलेला कांदा

बांधावरच्या बाभळीखाली ज्ञानू उकिडवी बसून मेलेल्या मधमाश्या वेचत होती. शाळेत बाई पोरांना बसवतात तशा तिनं त्या डब्याच्या झाकणात ओळीनं मांडल्या होत्या.

"मम्मी, ह्या कधी उठनार?"

सविता जागीच थबकली. कांदा बियाण्याला लावलेला, गोंडे पांढरेशुभ्र फुललेले. त्यात तिला बारीक किडे दिसले आणि सकाळी नऊलाच तिनं पाठीवर पंप घेतला. फुलात फवारायचं नाही, अगदीच नड असली तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्या की, हे सासऱ्यांनी, सहादेवांनी, तिला कितीदा बजावलं होतं. पण ते आठ दिवसांपासून संगमनेरला दवाखान्यात, नवरा अंगद त्यांच्या उशाशी. दुपारी लेकीला घेऊन डबा पोचवायला जायचं होतं, म्हणून तिनं घाई केली. आता परत येऊन बघते तर ही गत.

"टाक ते. आधी हात धू चल."

टाकीवर तिनं ज्ञानूचे हात साबणानं तीनदा चोळले.

"आजोबा म्हनतात, माश्या आपल्या कामाला येतात. काय काम करतात गं?"

"गोंड्यात बारकी बारकी फुलं असतात ना, त्यात पिवळी भुकटी असती. पराग म्हनतात त्याला. माशी रस प्यायला बसली की तिच्या अंगाला चिकटतो. मग ती दुसऱ्या फुलावर जाती, तिथं थोडा सांडतो. तेव्हा कुठं फुलात बी धरतं."

"फूल आपलं आपन का न्हाई जात?"

"त्याला पाय कुठंयत?"

ज्ञानूला हसू आलं. मग ते विरलं. "आन् माशी न्हाई आली तर?"

"गोंडा पोकळ ऱ्हातो."

"कुनी मारलं त्यांना?"

रोग आला म्हणावं, सवितेच्या अगदी ओठावर आलं होतं. "मी," ती म्हणाली. "औषध मारलं ना मी, त्यानं मेल्या."

पोरीनं ओले हात तिच्या हातातून काढून घेतले आणि फ्रॉकला पुसले.

तेवढ्यात अंगदचा फोन आला. वॉर्डात लहान पोरांना सोडत नव्हते, म्हणून आजोबांना नातीशी फोनवर बोलायचं होतं. त्यांचा आवाज खोल गेलेला.

"ज्ञानूबाई, माश्या येत्यात ना गोंड्यावर?"

ज्ञानूनं आईकडं पाहिलं. "येत्यात. लई येत्यात."

सवितेनं मोबाईल घेतला. "मामा, न्हाई येत. मी सकाळच्या पारी फवारलं. बाभळीतलं मोहोळ गेलं."

पलीकडं कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. त्या मोहोळाला त्यांनी बारा वर्षं कुणाला मधासाठी धूर करू दिला नव्हता.

"दोन दिस जाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "मग हाताला फडकं गुंडाळून गोंड्यागोंड्यावरनं फिरव. धरंल तेवढं धरंल."

रागावले असते तर तिला सोसलं असतं.

तिसऱ्या दिवशी मायलेकी सरीत उतरल्या. ज्ञानू शेजारून चालली नाही, दोन सऱ्या सोडून पलीकडून चालली. फडक्याचा हात एका गोंड्यावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. सगळं वावर गप्प होतं.

बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला.

"मम्मी, फुलांना कळंल का, ह्या माश्या न्हाईत म्हनून?"

सविता पुढच्या गोंड्यावर वाकली. तिला नीट दिसत नव्हतं.