बागेबाहेरचं मिठागर

"बिरडं खायचं ह्यांना, आनि वाल सोलायचे आमी. एक दाना सोलून बघा म्हनावं कधी," शशिकला परातीवरची मान वर न करताच पुटपुटली.

शेजारी बसलेली चंद्रावती हसली. भाऊबीजेला पळस्प्याहून सुकापूरला माहेरी आली, की चहाच्या आधी परात पुढ्यात यायची. तिला ते आवडायचं. यंदा मात्र भावजय शशिकला तिच्याकडे बघायचं टाळत होती.

बाहेर दयाराम, चंद्रावतीचा भाऊ, धाकट्या बहिणीला, शांतीला, सरकारची अडचण समजावत होता. "देखभालीला पैसा नाय गं. बागेची हद्द आत सरकवली की तिजोरीवरचा भार कमी. विधेयकाच्या खर्चाच्या टिपणात तसं स्पष्टच दिलंय."

सरकारची एवढी माया या घरात पूर्वी कुणाला आल्याचं चंद्रावतीला आठवेना.

बाग म्हणजे त्यांचंच खाडीकाठचं मिठागर. आजोबा, काशीराम आबा, मिठाच्या करापायी इंग्रजांच्या तुरुंगात गेले होते, म्हणून कायदा करून तिथे ऐतिहासिक उद्यान जाहीर झालं. मग त्यासाठी जमीन दान द्यायची तर एकच नाव बरं पडेल, असं दयाराम म्हणाला आणि दोघी बहिणींनी हक्क सोडला. आजोबांच्या नावाचं काम, त्यात आपला हिस्सा कुठे मागत बसायचं? चंद्रावतीने तर सही करून आल्यावर सासरी पेढे वाटले होते.

आता नव्या कायद्याने रस्त्याकडचा अख्खा पट्टा उद्यानातून वगळला होता.

"आबांच्या नावाचा दगड तरी आत हाय ना, दादा?" शांतीने विचारलं.

"हाय की. संडासाच्या अलीकडे."

चंद्रावती हात पुसत बाहेर आली. दयाराम नवा सदरा घालून पाटावर बसलाच होता. तिने निरांजन लावलं, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. लहानपणी याच कपाळाची खोक तिने हळद दाबून बांधली होती. तिची खूण अजून होती.

"वगळलेली जमीन कोनाची मग?" तिने विचारलं.

"दान देनाऱ्याकडं परत येते. कायदाच तसा हाय."

"म्हंजे तुझ्याकडं."

"नाव माझं हाय, बाय. त्याला मी काय करू?"

शांती उगाच रांगोळीकडे बघू लागली. रस्त्याकडच्या त्या पट्ट्यावर बिल्डरचे झेंडे लागलेत, हे येताना रिक्षातून दोघींनी पाहिलं होतं. दोघीही त्यावर काही बोलल्या नव्हत्या. सणाचा दिवस होता.

चंद्रावतीने ताट उचललं, पण ओवाळायला हात हलेना. "तुला कवा कळलं, दयाराम?"

"आता. विधेयक आलं तवाच. तुज्या गळ्याशपथ."

गळ्यापर्यंत जायची गरज नव्हती, तिला वाटलं. साधं 'आता' म्हणाला असता तरी तिने ओवाळलं असतं. हात हलायला लागलाही होता.

"बायच्या गळ्याची शपथ नका घेऊ." स्वयंपाकघराच्या दारात शशिकला उभी होती. बोटांना वालाची सालं तशीच चिकटलेली. "चंद्राबाय, तो पट्टा बागेतनं काढायचा अर्ज ह्यांनीच दिला व्हता. तुमच्या सह्या घेतल्या त्याच्या आधी."