खंडेनवमीचा फोटो

फोटो शोकेसमध्ये लागलाय हे मालिनीला कळलं ते भाजी घेताना. हातातली मेथीची जुडी तशीच टाकून, पोरीला कडेवर सावरत ती निघाली. कॅम्प चार या वस्तीतल्या फोटो स्टुडिओच्या काचेआड, नवरानवरीच्या जोड्यांच्या मधोमध, तिचा नवरा जयदेव छाती काढून उभा होता. हातात रिव्हॉल्व्हर.

जयदेव लेथवर काम करायचा. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असायचीच. लेथला झेंडूचा हार, पाटावर हातोड्या, नट आवळायचे पाने, कानशी, सगळ्यांना हळदकुंकू. यंदा शेटनं आपलं परवान्याचं रिव्हॉल्व्हरही पाटावर ठेवलं; शस्त्रच ते, त्यानं काय पाप केलंय? प्रसाद झाला, फोटोवाला आला, आणि कुणीतरी म्हणालं, जयदेव, हिरो दिसतोस, घे की हातात. जन्मात पान्याखेरीज काही न धरलेल्या माणसानं ते घेतलं. घरी येऊन त्यानं हसत सांगितलं, तेव्हा मालिनीही हसली होती.

पण दसरा उलटला, कॅम्प दोनच्या बाजारात एका व्यापाऱ्यावर गोळी चालली, आणि पोलीस तरण्या पोरांना उचलू लागले. सोमा रिक्षावाला त्यातच गेला. पोलिसांचं म्हणणं, त्यानं गावठी कट्टा काढला, म्हणून नाइलाजानं गोळी झाडली. मालिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात नेलं होतं ते याच सोमानं, एकेक खड्डा चुकवत, तिच्यापेक्षा जास्त घाबरून. त्याच्याकडे कट्टा आला कुठून, हे विचारायला कुणी धजलं नाही.

आता स्टुडिओत शिरल्या शिरल्या तिनं फोटो काढून मागितला. स्टुडिओवाला खुशीत होता. अरे भाभी, गिऱ्हाईक थांबून बघतं, राहू दे ना. ती हट्टाला पेटली, आवाज चढला, तसा पडद्यामागून केस विंचरत हवालदार हिंदुराव बाहेर आला. तो पासपोर्टचा फोटो काढायला आला होता. त्या काचेवरून रोज ये-जा करणाऱ्या हिंदुरावनं आज पहिल्यांदा आत नीट पाहिलं.

शेटचं आहे, परवान्याचं आहे, पूजेतलं आहे, मालिनी भडाभडा बोलून गेली.

"परवाना शेटचा," हिंदुराव म्हणाला, "हात कुणाचा?"

फोटो त्यानं खिशात घातला. उद्या सकाळी नवऱ्याला साहेबांसमोर हजर करा, एवढंच सांगून गेला.

मी गप्प राहिले असते तर, हे मालिनीच्या मनातून संध्याकाळपर्यंत हलेना. तेवढ्यात शेटचा निरोप आला की खेळण्यातलं होतं म्हणून सांगा, नाहीतर माझा परवाना जाईल. जयदेव तर पिशवीच भरत होता. बदलापूरला कुंदामावशीकडे राहतो, थंड झालं की येतो.

"अहो, पळालात तर फरार व्हाल," ती म्हणाली. "आणि फरार माणसाच्या हातात कट्टा आपोआप उगवतो. सोमाच्या उगवला तसा."

"आणि गेलो तर?"

तिनं पिशवीतले कपडे काढून परत फळीवर ठेवले.

सकाळी साहेबांना तिनं खरं तेच सांगितलं, पाटापासून प्रसादापर्यंत. खेळण्याचं नावही काढलं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, फोटो उलटसुलट पाहिला आणि जयदेवला मागच्या खोलीत न्यायला सांगितलं. तिनं बाहेर बाकावर थांबायचं होतं. ती खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच खाली बसली. पोरीला पदराआड घेतलं.

"बाई, दार लावायचंय," हिंदुराव म्हणाला.

"पोर अंगावर पितेय. जरा वेळ लागेल."

हिंदुरावनं कडीवरचा हात काढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. आत जयदेवला नाव विचारलं, गाव विचारलं, कारखाना विचारला. त्याचा शब्द न शब्द बाहेर ऐकू येत होता. मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तशी मालिनी आणखी थोडी आत सरकली.

पोर केव्हाच झोपली होती. मालिनीनं पदर काढला नाही.