कडूचं बारसं

बाहत्तरच्या दुष्काळात माझ्या भावाला, बिभीषणला, लेक झाली. मी औरंगाबादच्या सासरहून सिरसाळ्याला बारशाला आले. आत्या मी, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. तर दारातच आमची आई, सुंदरबाई, म्हणती कशी, "नाव ठरलंय. हबशी."

माझं डोकंच फिरलं. वहिनी साखरा रंगानं काळी. लग्नापासून अख्खा गाव तिला हबशीणच म्हणायचा, आई बी. दूध संस्थेत ती सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायची, तरी माप घेणारा रामकिसन म्हणायचा, "हबशिणीचं दूध मागून." अन् ही बया गुमान मागं सरायची.

आईच्या मनात पाप न्हवतं. साखराचं पहिलं लेकरू गेलेलं. लेकरं जगत नसली की आमच्यात वंगाळ नाव ठेवतात, म्हंजी सटवाई फिरकत न्हाई. माझ्या आधीची दोघं गेली म्हणून तर मी कडूबाई.

साखरानं माझा हात धरला. "वन्सं, मला म्हणू द्या. लेकीला नगं."

मी आईकडं वळले. "आई, औरंगाबादेत जी नहर हाय ना, ती एका हबशी वजिरानं बांधली. दर्यापारहून गुलाम म्हणून विकत आणलेला माणूस. त्याचं पाणी आमी अजून पितो, अन् तुमी सारे त्या नावानं माणसाला हाकलता. मला कडू म्हणालीस ते मी जगावी म्हणून. रामकिसन हबशीण म्हणतो ते हिनं मागं सरावं म्हणून. दोन्ही एक कसं झालं गं?"

आई पाळण्याजवळनं बाजूला झाली. बायांनी रीतीनं माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले अन् मी पाळण्यात वाकून नाव सांगितलं, कडू.

"माझंच दिलं," मी म्हणाले. "वंगाळच हाय. सटवाईला चालतंय."

साखरा रडता रडता हसली. मला लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साखराच्या जागी आईसंगं मी संस्थेत गेले. रामकिसन सवयीनं बोलला, "हबशिणीचं मागून."

आईनं किटली मापाजवळच टेकवली. "नाव घेऊन बोल. न्हाईतर दूध माघारी न्हेते."

त्या साली दूध होतंच कुठं? रामकिसननं मान खाली घातली. "आणा साखराबाईचं," म्हणाला.

घरात शिरताना आईनं जरा अडखळत हाक मारली, "साखरा, कडूला दे गं इकडं."