पुलाशेजारच्या भारतीबाई

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे पाच-सहा वर्षांचा. आमच्यात एवढ्यावरच म्हातारपण येतं.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला आणि संसार हैदराबादेत, तारनाक्याला. सिकंदराबादच्या दुकानातून मला माधवरावांनी आणलं. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस एक तर लोकांच्या चुका काढतो, नाहीतर छंद लावून घेतो. माधवरावांनी माझ्या निमित्ताने दोन्ही साधलं.

मोबाइलवर व्हिडिओ बघून ते फोटोची रचना शिकू लागले. चौकटीचे मनातल्या मनात तीन भाग पाडायचे आणि माणूस कधीही मधोमध ठेवायचा नाही, हा पहिला धडा. तो त्यांनी असा घोटला की दुसऱ्या धड्याची गरजच उरली नाही. सरावाला माणूस हवा होता. घरात एकच होतं, त्यांची पत्नी भारतीबाई.

विद्यापीठाची दगडी कमान, गोवळकोंड्याची तटबंदी, अफझलगंजचा पूल. सगळीकडे भारतीबाई कडेला उभ्या राहिल्या. बोटभर उंचीच्या, तोंड पलीकडे.

"अजून डावीकडे सरक, भारती."

"हौ, सरकते. पण अहो, माझा एक जवळून काढा की. नवी साडी आहे."

"जवळून कोणीही काढतं. तू इथे प्रमाणासाठी आहेस. तू आहेस म्हणून पूल मोठा दिसतो."

"लग्न झाल्यापासून तेच करतेय," त्या म्हणाल्या आणि सरकल्या.

फोटो ग्रुपवर गेले. लोकांनी पुलाचं फार कौतुक केलं.

गेल्या थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि भारतीबाई गेल्या. तेराव्याला हार घालायला फोटो हवा, म्हणून मुलगी केतकी मला घेऊन बसली.

"बाबा, आईचा समोरून एखादा तरी असेल ना?"

"असेल. बघ नीट."

ती बघत राहिली. पाठ, पदर, सावली. आईच्या स्वतःच्या फोनमध्ये नातवंडं होती, रांगोळ्या होत्या, बाबा होते. आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममधली नवरी नातवंडांना ओळखू येईना. शेवटी पुलावरच्या फोटोत चेहरा जरासा वळलेला सापडला. माधवराव तो घेऊन स्टुडिओत गेले. तिथल्या माणसाने तो मोठा केला, आणखी मोठा केला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साब, और बडा किए तो अम्मा दिखते नई."

भिंतीवर आता आधार कार्डावरचा फोटो आहे. त्या फोटोत कोणीच स्वतःसारखं दिसत नाही. हार मात्र रोज ताजा असतो.

मी कपाटात असतो. अधूनमधून माधवराव मला बाहेर काढतात, पुलाचा फोटो उघडतात आणि बटण दाबत जवळ जवळ जात राहतात. आधी साडीचा रंग येतो, मग नुसते चौकोन. परवा त्या चौकोनांना ते म्हणाले, "भारती, इकडे बघ."

मित्रांनो, मी स्वतःसाठी काही मागत नाही. माझ्या लेन्सला बुरशी आली तर ती पुसून मिळते. तुमच्या घरात कोणी कायम कडेला उभं असेल, तर आज त्याच्याजवळ जा आणि त्याला मधोमध घ्या. रचना बिघडेल. बिघडू द्या.